नव्वदच्या जागी साठ

चिक्कडपल्ली, हैदराबाद
बुधवार, १६ ऑक्टोबर २००२

तीर्थरूप अण्णांच्या चरणी,
त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

सोबत आपट्याचं पान ठेवलं आहे, दसऱ्याचं सोनं म्हणून घ्या. आईला म्हणावं, होस्टेलातही पुरणपोळी होती, पण इथे तिला बोब्बट्लू म्हणतात आणि तूप मागून घ्यावं लागतं.

आता खरं लिहिते. शेजारच्या दुकानातल्या फोनवर हे सांगता येत नाही, सगळी गल्ली ऐकते.

नारायणगुड्याच्या आमच्या ऑफिसात नकाशे काढायचे तीन मोठे लॅपटॉप आहेत आणि पत्रव्यवहाराचे तीन लहान. मोठ्यांचे चार्जर नव्वद वॉटचे, लहानांचे साठचे. व्होल्ट सगळ्यांचे एकच, पिनही एकच, म्हणून कुणाचाही चार्जर कुणालाही बसतो. सोमवारी खंडेनवमीची पूजा माझ्याकडे होती. पांढऱ्या चादरीवर सगळी यंत्रं मांडली, चार्जरना हळदकुंकू वाहिलं. बोट नेमकं आकड्यांच्या चिठ्ठीवर टेकलं. नंतर सुशीलाबाईंना मीच म्हटलं की कुंकू ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्या आमच्याकडे झाडलोट आणि चहा बघतात, मराठीच आहेत. त्यांनी पुसून दिले आणि मी पिन बसेल तसे जोडले. आकडे वाचले नाहीत.

आज सुटीनंतर ऑफिस उघडलं. नकाशाच्या यंत्रावर दोन तास काम चाललं आणि त्याचा चार्जर वितळला. टेबल करपलं, यंत्र बंद पडलं, आठवड्याचा नकाशा गेला. मॅनेजर मिलिंद सर म्हणाले की ओल्या फडक्याचं पाणी आत गेलं. सुशीलाबाईंना त्यांनी तिथूनच घरी पाठवलं. मंगळवारी त्यांच्या जागी दुसरी बाई घेणार आहेत.

वितळलेल्या चार्जरवर साठ लिहिलं आहे. मी खाली वाकून वाचलं, आणि उभी राहिले ती गप्पच.

एकतीस तारखेला मला नोकरीत कायम झाल्याचं पत्र मिळायचं आहे. पाण्याने असं होईल का, की कमी वॉटमुळेच झालं? तुम्ही इतकी वर्षं गिरणी चालवता. लगेच कळवा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
त्रिवेणी


उदगीर
शनिवार, १९ ऑक्टोबर २००२

चि. त्रिवेणीस,
अण्णा व आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र आज पोचले. सोने मिळाले. आई विचारते जेवण नीट आहे का.

पाण्याने बिघडायचे असते तर बटण दाबताच फ्यूज उडाला असता. दोन तास चालून वितळले म्हणजे भाराने वितळले. मी एकदा गिरणीची दहा हॉर्सपॉवरची मोटार दुरुस्तीला देऊन सातची लावली होती. दगड तोच, दळण तेच. तासाभरात जळका वास सुटला. मोठ्या कामाला लहान मोटार जीव तोडून ओढते आणि जळते. पण हे तुला माझ्याहून चांगले कळते, तू त्यातलीच पदवी घेतलीस. मग मला का विचारलेस?

तुला चार्जरचे विचारायचे नव्हते. बोलू की नको, हे विचारायचे होते. तर ऐक माय. आपल्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. दळणाला येणाऱ्या बायकांना मी तुझा हुद्दा इतका सांगतो की त्या आता ‘आम्हीच आधी सांगू का’ म्हणून चिडवतात. एकतीस तारीख जाऊ दे. कायमचे पत्र हाती आले की मग त्या बाईसाठी बोल, पाहिजे तितके बोल. पंधरा दिवसांनी खरे काही खोटे होत नाही.

तुझे भले पाहणारे,
अण्णा


चिक्कडपल्ली, हैदराबाद
मंगळवार, २२ ऑक्टोबर २००२

तीर्थरूप अण्णांच्या चरणी,
त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सकाळी निघताना मिळालं. बसमध्ये दोनदा वाचलं. ऑफिसच्या पायऱ्या चढले तेव्हा नवी बाई दारातल्या स्टुलावर बसली होती आणि पत्रव्यवहार बघणारी प्राजक्ता तिला कपबशा दाखवत होती. मी थेट सरांच्या खोलीत गेले.

बोलण्याआधी मी दुसरा साठचा चार्जर नकाशाच्या दुसऱ्या, चालू यंत्राला लावला आणि अर्ध्या तासाने सरांना त्यावर तळवा ठेवायला सांगितलं. त्यांनी हात झटकन काढला. मग प्राजक्ताचा लहान लॅपटॉप दाखवला. पूजेपासून त्याला नव्वदचा लागला होता आणि काही झालं नव्हतं. मोठा चार्जर लहान यंत्र जाळतो असं सगळ्यांना वाटत होतं. यंत्र लागेल तेवढंच घेतं, घातक ते उलटं, हे मी समजावून सांगितलं. सरांनी विचारलं की मग साठचा इथे लावला कुणी. मी लावला, असं सांगितलं.

कायमचं पत्र सहा महिने पुढे गेलं. काढून टाकलं नाही, पण मला मिळणार होतं त्या परदेशच्या नकाशांच्या कामातून माझं नाव कमी केलं. आईला सावकाश सांगा.

सुशीलाबाईंना परत घ्यायचं सरांनी मान्य केलं, म्हणून संध्याकाळी त्यांना बोलवायला नामपल्लीला गेले. स्टेशनमागे त्यांची खोली आहे. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. सगळं ऐकून एवढंच विचारलं, की तुला हे कधी कळलं. त्याच दिवशी, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी ताट बाजूला ठेवलं. “सहा दिवस मोहल्ल्यात मी मशीन जलवणारी बाई होते, बेटा. तुला मालूम होतं, तर तू थांबलीस कशाला?” उद्या कामावर येते म्हणाल्या. चहा विचारला नाही.

अण्णा, तुमच्यावर माझा राग नाही. मी विचारलं म्हणून तुम्ही सांगितलंत. पण त्या सहा दिवसांत मी तुमच्या पत्राची वाट पाहत होते आणि त्या माझी. यापुढे असं काही झालं तर आधी बोलेन, मग तुम्हाला लिहीन.

रागावलात तरी पत्र पाठवत राहा, ही विनंती.

तुमची,
त्रिवेणी