माझ्या खांद्याचा एमआरआय

३ मार्च २००३, सकाळी ७
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तीन आठवडे झाले. कुणाला सांगायचं नाही. चौदा एप्रिलला जयंती. गेली एकवीस वर्षं आमच्या खडकीच्या क्वार्टर्सच्या मिरवणुकीत पुढचा निळा झेंडा माझ्याच हातात असतो. अजून बेचाळीस दिवस आहेत. आजपासून व्यायाम.

४ मार्च
फॅक्टरीत स्टॉक-चेकिंग. व्यायाम उद्यापासून.

८ मार्च
तेजसने (चिरंजीव, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये) इंटरनेटवरून खांद्याची बारा पानं छापून आणली. असं दुखणं फास्ट बोलरांना होतं म्हणे. मला आश्चर्य वाटलं नाही. प्रेमलाला (सौभाग्यवती) सगळं वाचून दाखवलं. ती पायाने सिलिंडर सरकवत होती. बायकांना मेडिकल विषयात रस नसतो.

१२ मार्च
पीठ, साखर, चहा, सगळे डबे वरच्या फळीवरून खाली आलेत. मला हात वर करावा लागू नये म्हणून प्रेमलाने केलं असणार. बोलत नाही, पण समजूतदार आहे. (मी डबे काढत नाही, तो भाग वेगळा.)

१५ मार्च
एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड ठणठणीत. साध्या एक्स-रेत सापडेल इतकं माझं दुखणं वरवरचं नाही. एमआरआय करा म्हणून मीच आग्रह धरला. फिल्म जयंती कमिटीच्या बद्रीनाथला दाखवली. फक्त त्यालाच. तो म्हणाला, यंदा झेंडा माझ्या पुतण्याकडे देऊ का? मूर्ख माणूस. फिल्म परत घेतली.

२२ मार्च, सकाळी
कोथरूडला एमआरआय. प्रेमला सोबतीला येते म्हणाली. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तीस वर्षं काढलेला माणूस मी, मला मशीनची कसली भीती?

२२ मार्च, संध्याकाळी
आत सरकवताना टेक्निशियनने हातात रबरी फुगा दिला. त्रास झाला तर दाबा म्हणाला. चालतो का बघायला दाबला. चालतो. खात्री करायला पुन्हा दाबला. मग बाहेरच आलो. एकूण चार मिनिटं.
टेक्निशियन म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत, तुमची वेळही रिकामी जाईल. तेव्हा तरीही सोबत आलेल्या प्रेमलाने पर्समधून चार घड्यांची चिठ्ठी काढली. दिवाळीतली, याच डॉक्टरांची. खांद्याचा एमआरआय करा, असं तिच्या नावाने लिहिलेलं. पैसे भरलेच आहेत तर वाया कशाला, म्हणाली आणि जाऊन आडवी झाली.
चाळीस मिनिटांनी आली. एवढ्या खडखडाटात झोपली होती. दुपारी आडवं व्हायला किती वर्षांनी मिळालं, म्हणाली.

२५ मार्च
प्रेमलाचा स्नायू हाडापासून पूर्ण सुटलाय. ऑपरेशन. डॉक्टरांनी विचारलं, या हाताने पोळ्या कशा लाटत होता? ती म्हणाली, लाटल्या. मीही माझा खांदा पुढे केला. त्यांनी दोन बोटांनी दाबला. हात वापरत नाही म्हणून आखडलाय, धुणं वाळत घालत जा, म्हणाले.
बाहेर आल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, मला आधी का नाही सांगितलं?
"तुमचं वाचून संपायची वाट बघत होते," ती म्हणाली.
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

१ एप्रिल
आजपासून स्वयंपाक आणि धुणं माझ्याकडे. नियोजन असलं की अवघड काही नाही. धुणं जमलं. दुपारी मेसचा डबा लावला.

११ एप्रिल, हॉस्पिटल
उद्या ऑपरेशन. पुढचे चार दिवस मी इथेच. हात आता कानापर्यंत जातो, आणि नेमकी जयंती चुकणार. बद्रीनाथला मोबाइलवरून मोठ्या मनाने सांगितलं, यंदा झेंडा तुझ्या पुतण्याला दे. तो म्हणाला, बापूराव, तो तर महिन्यापूर्वीच दिलाय.
नर्सने फॉर्म आणून दिला. पेशंटचं नाव, वय, पत्ता भराभर लिहिलं. पुढे होतं, कोणता खांदा? उजवा की डावा?
पेन तसंच धरून बसलो. प्रेमलाने फॉर्म ओढून घेतला आणि डाव्या हाताने लिहिलं, उजवा.
अक्षर सुबक आलं. म्हणजे सवय बरीच जुनी आहे.