गच्चीवरची गादी

१२ एप्रिल

मयुरी आज पायरीवर बसून बूट काढत होती. वाकता वाकता थांबली. मग म्हणाली, "आई, जरा तू सोड ना नाडी."

दिवसभर अख्खी एसटी वळवणारी मुलगी, आणि हरली कुठे तर बुटाच्या नाडीपाशी!

रतिलाल म्हणाले, "दोन-चार दिवस रजा टाक."

"बाबा, आत्ता रजा टाकली तर परीक्षा हुकेल. मग पुढच्या तुकडीबरोबर. मुळीच नाही."

तिची शेवटची चालक-परीक्षा वीस मेला आहे. तोवर पाठ टिकली पाहिजे.

१३ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, हाडाला काही नाही. उंची कमी, क्लचपर्यंत पाय ताणावा लागतो, कमरेचे स्नायू दमतात. व्यायाम दिलेत. मग विचारलं, "झोपते कशावर?"

"गादीवर."

"कसल्या?"

गादी म्हणजे गादी! घरी येऊन चादर काढून पाहिली. दिवाणावरची कापसाची गादी मधोमध बशीसारखी खोल झालीय. रोज तिच्यावर चादर घालणारी मीच.

डॉक्टरांचा सल्ला – वर टॉपर टाका. म्हणजे गादीवर अंथरायचा आणखी एक जाड थर. "फार मऊ नको, फार कडक नको." आयुष्यभर लोकांच्या बातम्या दुरुस्त केल्या मी. असलं वाक्य बातमीदाराला परत पाठवलं असतं.

१५ एप्रिल

काम माझ्याकडे घेतलं. तारीख ठरलेली असली की मला बरं वाटतं. सवय!

दोन दिवस मोबाइलवर वाचतेय. मेमरी फोम, लेटेक्स, जेल. कशानं पाठ तरंगते, कशानं पाठ टेकते. रतिलाल शेजारी बसून सुपारी कातरत होते. जिनिंगमध्ये नोकरी झालेला माणूस. म्हणाले, "माझा जन्म गेला कापसात. आता घरात फेस आणणार तुम्ही मायलेकी?"

१७ एप्रिल

ऑर्डर दिली. मेमरी फोम, चार इंच. दिवाणाचं माप पुन्हा पुन्हा घेतलं. माझा रविवारचा लेखही जळगावच्या पेपरला वेळेत गेला. दिवस चांगला.

२२ एप्रिल

आला! अजगरासारखा गुंडाळलेला. प्लास्टिक कापलं तर फुस्स करून फुगतच गेला. वास फार. मयुरी आडवी झाली. "आई, ढगावर पडल्यासारखं वाटतंय गं!"

मला जरा अभिमान वाटला. जराच का – बराच.

२३ एप्रिल

कसला ढग! धुळ्यातला एप्रिल विसरले मी. खोली भट्टीसारखी, आणि तो फोम उकाड्यानं अजूनच मऊ. सकाळी मयुरी म्हणाली, "मी रुतले गं आई. उठायला गिअरच सापडेना!" पाठ कालच्यापेक्षा जास्त धरलीय.

रतिलालांनी शांतपणे चहा संपवला. म्हणाले, "एक विचारू? या दिवाणावर आता झोपणार कोण?"

खरंच की! कालची रात्र ती फक्त नव्या टॉपरच्या हौसेनं खाली झोपली. नाहीतर होळी झाली की रोज रात्री गादी वर नेऊन आम्ही तिघं गच्चीवर. पाऊस येईपर्यंत रात्री दिवाणावर नुसत्या घडीच्या कपड्यांचा ढीग. माप बिनचूक घेतलं, पण झोपणारी झोपते कुठे, हे विचारलंच नाही. नव्या बातमीदाराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायची – आधी जागेवर जा!

२४ एप्रिल

अजगर गच्चीवर न्यायचा प्रयत्न केला. जिन्याच्या वळणावर अडकला. वर रतिलाल, खाली मी, मधे तो. मयुरी अंगणातून तिला गाडी शिकवणाऱ्या उस्तादांसारखी ओरडत होती – "बाबा, जरा रिव्हर्स! आई, स्टिअरिंग डावीकडे! मागून टू-व्हीलर येतेय!"

हसता हसता तिनं कंबर धरली. मग कुणीच हसलं नाही.

टॉपर परत पाठवला.

२६ एप्रिल

शिरपूरहून यशोदाबाईंचा फोन. रतिलालांची मोठी बहीण, सगळ्यांची अक्का. त्यांना कुणी काय सांगितलं कोण जाणे. "गाडी चालाडनारी पोरले मऊ गादी कसाले? घोंगडीवर झोपाड! आमनं काय बिघडनं?"

अक्का स्वतः काठीशिवाय उठत नाहीत.

२८ एप्रिल

बाजारात तबस्सुमच्या गाद्यांच्या दुकानात गेलो. तिच्या वडिलांची, नासीरभाईंची, कापूस पिंजायची मशीन अजून मागे चालते. पुढे तबस्सुमनं फोम-लेटेक्सचं दुकान थाटलंय. दुकानात खुर्ची एकच, तीही तिची. गिऱ्हाइकानं आडवंच व्हायचं.

"काकू, आधी तुम्ही."

"मला नाही, मुलीला घ्यायचंय."

"पैसे कोण देणार? तुम्ही ना? मग झोपा!"

झोपले. भर बाजारात, रस्त्याला तोंड करून! "डोळे मिटा," म्हणाली. मिटले. पुन्हा उघडले. पुन्हा मिटले.

"कुणाची चाहूल घेताय, काकू?"

मयुरीला हसू आवरेना. "ती अशीच आहे गं. नोकरीभर धुळे-जळगाव करत होती, पण एसटीत एक डुलकी नाही. ड्रायव्हर राहिला बाजूला, हीच उजव्या पायानं ब्रेक मारत बसायची!"

खोटं नाही ते. धावत्या गाडीत मला आजवर झोप लागलेली नाही.

मग मयुरीची पाळी. आधी उताणी, मग कुशीवर. तबस्सुम कमरेखाली हात घालून बघायची. हात सहज गेला की "हा नाही". खांदा बुडला की "हाही नाही". मी यादीत लिहिलेले सगळे बाद झाले! शेवटी दोन इंची लेटेक्स राहिला. कडकच, हवेला भोकं असलेला, तीन घड्या होणारा. त्यावरून मयुरी उठेचना. पडून राहिली.

"पण खाली काय आहे?" तबस्सुमनं विचारलं. "बशीवर टॉपर टाकलात तर टॉपरची पण बशी होईल." मग ठरलं – जुनी गादी नासीरभाई पिंजून नव्यानं भरणार, तिच्यावर हा.

रतिलाल घरभर सांगत फिरताहेत, "शेवटी खाली कापूसच!" घरात आहोत तिघंच.

१ मे

गादी आली, घट्ट टाचलेली; ती आम्ही दोघांनी गच्चीवर नेली. टॉपरची घडी मयुरीच्या काखेत मावते. ती एकटी जिना चढून गेली.

७ मे

सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर बाईसाहेब वाकून बूट बांधताहेत! मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

नंतर म्हटलं, "आता रात्री कूस कमी बदलतेस."

"तुला कसं कळलं?"

"असंच."

तिनं कप खाली ठेवला. "माझ्या शेजारी तुलाही एक टॉपर टाकू का?"

"मला काय धाड भरलीय," म्हटलं.

१९ मे

उद्या. पाठ ठीक. मी तिची कागदपत्रं पुन्हा पुन्हा तपासतेय.

२० मे

पास!!

चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली. मागे एक इंच सरकली नाही. अरुंद जागेत रिव्हर्स – एका दमात. उतरल्यावर उस्ताद म्हणाले, "बाई, तुम्हाला पाठ आहे की पोलादी पट्टी?" हे तिनं सांगताना तीनदा सांगितलं. मी तीनदा ऐकलं.

अक्कांचा फोन, अख्ख्या गावाची बातमी घेऊन. "बठ्ठा गाव बोली ऱ्हायना, रतिलालनी पोर यष्टी चालाडस!" मग आवाज खाली आणून – "ती गादी कोठे भेटनी वं? माले बी एक लई ठेव."

७ जून

उद्या मयुरीची पहिली ड्यूटी. धुळे-जळगाव. माझाच रस्ता!

मी तिकीट काढून जाणार. ओळख दाखवायची नाही, हाक मारायची नाही, हे तिनं बजावलंय. कबूल. नवी वही घेतलीय, पेनात शाई भरलीय. फागणं, पारोळा, एरंडोल, पाळधी – वळण न् वळण टिपणार. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांच्या बातम्या लावल्या. ही माझ्या घरची. एक ओळही सुटता कामा नये.

रतिलाल म्हणाले, "जा. फक्त ब्रेक मारू नकोस!"

८ जून

वहीत तीनच शब्द आहेत – "सुटली. फागणं. ऊन."

पुढचं आठवतं ते कंडक्टरचं. खांद्याला हात लावून म्हणत होता, "मावशी, उठा. जळगाव आलं."

पेन हातातच होतं. उजवा पाय सैल.