सुमीला उपाशी ठेवायचं नाही

३ फेब्रु. ८१, एकोडी
नागपूरहून काल आलो. मोठ्या डॉक्टरनं सुमीचं पोट चाचपलं, रक्त काढलं. म्हणाला, खाल्लेल्याची साखर यकृतात साठते, पण लागते तेव्हा बाहेर येत नाही. ती सोडणारं द्रव्य जन्मापासूनच अंगात नाही. औषध नाही. सारखं थोडं थोडं खायला घाला, रात्रीसुद्धा. पोट रिकामं राहिलं की झटके येतील, बेशुद्ध पडेल.
म्हणजे आमचा मुलगा बाळ्या असाच गेला. तापात जेवला नाही, सकाळी उठलाच नाही.
मग विचारलं, नवराबायको नात्यातले का? म्हटलं, आत्याच माझी सासू. डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. हे खिडकीबाहेर बघत बसले.

११ फेब्रु.
पेज, दूधभात, पुन्हा पेज. तीन वर्षांची पोर, तोंड घट्ट मिटून घेते. आज एक लावून दिली. मग दोघी रडलो. पेज मात्र गेली पोटात.
शेजारीण म्हणे, "किती चारतेस वं, पोट पाह्य तिचं, मडक्यावानी झालं." तुझ्या बापाचं खाते का? मनातच म्हटलं.

२० फेब्रु.
झोप नाही. डोळे चुरचुरतात, भातात मीठ दोनदा पडतं. रात्री मी मेल्यासारखी पडते, आत्याच हलवते. "शांते, उठ वं, पोरगी उपाशी हाये." तिला यकृत-बिकृत कळत नाही. नातीला उपाशी ठेवायचं नाही, एवढं पक्कं धरलंय.

२ मार्च
सुमीला ताप. डोळे लाल, नाक गळतंय. पेज अर्धीच घेतली.

४ मार्च
अंगभर पुरळ. गोवर.
आत्यानं पाहिलं न् हात जोडले. "मातामाय आली घरात." दाराला कडुलिंबाचा डहाळा, फोडणी बंद. आता पोरीला घराबाहेर न्यायचं नाही. सुई तर नाहीच, सुई टोचली की माय कोपते. लहानपणापासून मीही हेच ऐकत आले. भीती मलाही वाटते, खोटं कशाला लिहू. पण साखरपाणीसुद्धा उलटून पडतंय, आणि

५ मार्च, सकाळ
काहीच राहत नाही पोटात. हाक मारली तर डोळे अर्धे उघडते. हातपाय गार, घाम.
ह्यांना म्हटलं, बंडी जुंपा, साकोलीला नेऊ, सलाइन लावू. हे आपल्या आईकडे बघतात. आत्या उंबरठ्यावर जाऊन बसली. "मायच्या अंगावर सुई टोचता? काहून मारून राहिले पोरीले?"
"उपाशी राहिली तं मरते ते, आत्या. बाळ्या कसा गेला, तुनं पाह्यलं नाही का?"
जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. सुमीला खांद्यावर टाकलं न् आत्याला ओलांडून बाहेर पडले. ह्यांनी बंडीला बैल जुंपले.

५ मार्च, साकोलीचा दवाखाना
आत्या शिवेपर्यंत बंडीमागं चालत आली. ह्यांनी बैल थांबवले, तिला वर घेतलं.
डॉक्टरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ग्लुकोजची बाटली लगेच लावू. सिस्टरनं सुई काढली, तर आत्या मधे उभी. वाटलं, आता ही अडवते. मी धक्का द्यायला हात उचललाच होता. तिनं पदर सारला, आपलाच हात पुढं केला.
"पयले मले टोच बाई. माय कोपली तं माझ्यावर कोपू दे. मंग पोरीले टोच."
सिस्टर डॉक्टरकडे बघायला लागली. मी म्हटलं, टोचा हो, वेळ नाही. टोचलं. थेंबभर रक्त आलं, ते आत्यानं पुसलं नाही.
सुई बदलून मग सुमीला. शीर सापडेना. घोट्याजवळ एक मिळाली शेवटी.
बाटली निम्मी झाली. सुमी अजून ओ देत नाही. आत्या हाका मारतेच आहे.