तबक माझ्या हातात होतं

सर, तुमच्या फोटोला हार घालायचं काम या वर्षीही माझ्याकडेच आलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि समाजशास्त्र विभागाच्या प्रमुखाच्या खुर्चीत आता मी बसते, तेव्हा ते ओघानंच येतं. फोटोत तुम्ही खांद्यावर शाल घेऊन हसताय. तुमचा शाल नसलेला एकही फोटो कॉलेजात सापडत नाही, मी शोधून पाहिलंय. यंदा विभागाचा विशेषांक निघतोय आणि त्यात तुमच्याबद्दल अर्धं पान मी लिहायचं, असं प्राचार्यांनी परस्पर ठरवून टाकलं. 'सर विद्यार्थ्यांना पोटच्या मुलांसारखं वागवत' एवढं एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. मग दुसरा कागद घेतला आणि हे लिहायला बसले. हे छापायचं नाही आणि पाठवायचा तर प्रश्नच नाही. मला तुमचा राग येतो, सर. एव्हाना तो विझायला हवा होता असं लोक म्हणतील. विझलाही असता कदाचित, पण आज दुपारी विभागात एक गोष्ट घडली. ती शेवटी लिहीन. आधी लिहिली तर बाकीचं लिहायला मला तोंड राहणार नाही.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा तुम्ही भवानी पेठेत आमच्या घरी आला होता. दोन खोल्या. आई घरबसल्या टॉवेलच्या कडा शिवायची आणि उजेडासाठी मशीन दारातच असायचं. तुम्हाला आत यायला वाट व्हावी म्हणून तिनं ते एकटीनं ओढून बाजूला केलं. तुम्ही दारात उभे राहून बघत होता. मग भाकरी, शेंगाचटणी आणि दही जेवलात, चटणी पुन्हा मागून घेतलीत, आणि सरांनी चटणी मागून घेतली हे आई पुढे आठवडाभर ज्याला त्याला सांगत होती. तुम्हाला घरी शिलाई करणाऱ्या बायकांची पाहणी करायची होती. आमच्या गल्लीतल्या बायका आपसात तेलुगू बोलतात आणि परका माणूस दिसला की तेही बोलत नाहीत. तुम्हाला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. "ही करेल की," माझ्याकडे बोट दाखवून तुम्ही आईला म्हणालात, "हिचंच नाव होईल."

आईनं ते खरं धरलं. ती दोन यत्ताही शिकलेली नव्हती, पण मी कॉलेजात जायला लागल्यापासून माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलायची. शिकल्यासवरल्या पोरीशी तेलुगूत काय बोलायचं, असं तिचं म्हणणं. चार महिने ती आपलं काम मागं ठेवून माझ्याबरोबर दारोदार हिंडली. एखादी बाई तोंड उघडेना, की तिच्याजवळ बसून तेलुगूत समजावायची, की घाबरू नको, माझी मुलगी लिहितेय, पुस्तकात तिचं नाव छापून येणार आहे. तिच्या शब्दावर त्या बोलल्या. सुई बोटातून आरपार गेल्यावर बोट तोंडात धरून पुढची कड कशी शिवायची ते बोलल्या. मूल अंगावर पाजताना मशीन चालवल्याचं बोलल्या. नवऱ्याला न सांगायच्या गोष्टीही बोलल्या. मी रोज संध्याकाळी बसून ते सगळं मराठीत उतरवायची, आणि शनिवारी वही तुमच्या टेबलावर ठेवायची. तुम्ही वही उघडायचात आणि "छान" म्हणायचात. त्या एका शब्दावर मी पुढचा आठवडा काढायची, हे लिहिताना आजही लाज वाटते.

शोधनिबंध आला तो तुमच्या एकट्याच्या नावानं. विभागाबाहेर 'प्राध्यापकांचे यश' म्हणून काचेचा फलक होता, कुलूप लावलेला, किल्ली तुमच्याच खिशात. त्यात तुम्ही स्वतःच्या हातानं त्याचं पहिलं पान लावलंत. परिषदेत त्याला पारितोषिक मिळालं आणि कॉलेजनं तुमचा सत्कार ठेवला. आपल्याकडे सत्काराचं तबक धरायला विद्यार्थिनी लागतात, त्याही साडीतल्या. ती पद्धत अजून तशीच आहे. "तू उंच आहेस, फोटोत बरं दिसेल," म्हणून तुम्ही मला उभं केलंत. आईची जांभळी साडी मी नेसले होते. तबकात शाल, नारळ, गुच्छ. निबंधात एक वाक्य होतं, 'शिलाईकाम करणाऱ्या महिलांशी त्यांच्या मातृभाषेतून संवाद साधला.' बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याचं फार कौतुक. त्यांनी भर सभेत विचारलं, "सर, तुम्ही तेलुगू कुठं शिकलात?" मी तुमच्यापासून हातभर अंतरावर होते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "माणसांत मिसळलं की भाषा आपोआप येते." टाळ्या पडल्या. माझ्या हातात तबक होतं, म्हणून मला टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून तुमच्या केबिनमध्ये आले आणि विचारलं. तुम्ही चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही समजुतीनं बोललात. "अगं, तू अजून विद्यार्थिनी आहेस. आतापासून नावाचा हव्यास बरा नाही. शेवटच्या पानावर उल्लेख केलाय बघ." शेवटच्या पानावर होतं, 'सहकार्य : विद्यार्थिनी'. मग टेबलाखालून कालच्या सत्काराचा नारळ काढून तुम्ही माझ्या हातात ठेवलात. "आईला दे," म्हणालात.

आई निबंधाची पुस्तिका घेऊन दारातच बसली होती. तिला मराठी वाचता यायचं नाही. "कुटं हाय गं तुजं नाव?" मग तिनंच एकेक पान उलटत शेवटचं पान काढलं. त्या पानावर एवढे दोनच शब्द सुटे छापलेले होते. तिनं दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. "ह्येच न्हवं?" मी म्हटलं, हो, हेच. मग तिनं नारळ फोडला, वाट्या कातून तुकडे केले आणि ज्या ज्या बाईनं आम्हाला दार उघडलं होतं तिच्या घरी जाऊन एकेक तुकडा दिला, आणि पुस्तिका उघडून, त्याच शब्दावर बोट ठेवून, पोरीचं नाव दाखवलं. आई मरेपर्यंत मी तिला खरं सांगितलं नाही. माझ्या आईशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, सर, आणि ते तुमच्यासाठी बोलले. याची माफी मी तुम्हाला दिलेली नाही. देणारही नाही.

नोकरीच्या वेळी तुम्ही चिठ्ठी दिलीत, आणि तिच्यामुळेच मी इथं लागले, हेही लिहिते. खोटंच लिहायचं असतं तर विशेषांकाचं अर्धं पान पुरे होतं. पण त्या चिठ्ठीनं माझं तोंड कायमचं बंद केलं आणि ते तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुम्ही आजारी असताना मी भेटायला आले नाही. कामात होते असं सगळ्यांना सांगितलं. कामात नव्हते.

आता आजचं. सांगोल्याकडची एक मुलगी माझ्याकडे शिकते. तिच्या वस्तीवर पाण्याचा टँकर येतो, आणि तो कधी येईल याचा नेम नसल्यानं बायकांचा अख्खा दिवस त्याच्या वाटेवर कसा अडकून पडतो, यावर तिनं वर्षभर काम केलं. मेंढरामागं हिंडणाऱ्या बायकांच्या मागं हिंडून तिनं ते गोळा केलं. मी मार्गदर्शन केलं, भाषा नीट केली, मांडणी बदलली. निबंध छापून आला. मूल्यांकन समिती यायची आहे, प्राध्यापकांच्या नावावर शोधनिबंध हवेत, असं प्राचार्य म्हणाले होते, आणि मी 'बरं' म्हणाले होते. परवा तुमच्या स्मृतिदिनाला प्राध्यापकांचा गुणगौरव झाला. त्याचे फोटो आज सकाळी विभागाच्या ग्रुपवर आले. मी माझा चेहरा कसा आलाय ते बघायला फोटो मोठा केला, आणि कडेला तबक दिसलं. तबकामागं ती मुलगी होती. शाल तिच्या तबकातून उचलली गेली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

दुपारी ती केबिनमध्ये आली. हातात पुस्तिका होती. "मॅडम, आमच्या आईनं इचारलंय, नाव कुटल्या पानावर हाय? तिनं समद्या वस्तीला सांगून ठिवलंय." मी काही बोलायच्या आत तिनं शेवटचं पान उघडलं. तिला वाचता येतं, सर. तिनं तेच दोन शब्द वाचले, 'सहकार्य : विद्यार्थिनी', आणि मला अवघड वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम. आईला कुटं वाचता येतंय. ह्येच माजं नाव हाय म्हणून सांगते."

एवढं ऐकल्यावर तरी मी उठायला हवं होतं. पुस्तिका तिच्या हातातून घ्यायला हवी होती, प्राचार्यांकडे जायला हवं होतं. चुकीची दुरुस्ती छापायला एक पान लागतं, आणि त्यावर सही माझीच चालते. मी तुम्हाला शिव्या देत इतकी पानं भरली, पण तो एक कागद अजून लिहिलेला नाही. ती निघाली तेव्हा मी टेबलाखाली वाकले, परवाचा नारळ काढला आणि तिच्या हातात ठेवला. "आईला दे," असं मी तिला म्हणाले.