जॅझ गिटारचं नऊशे पानी मटेरियल

३ नोव्हेंबर, सकाळी ७
ठरलं. जेसल पार्कात जॅझ गिटारचा क्लास काढणार. जॅझ मला येत नाही, पण शिकवायला मटेरियल लागतं, येणं नाही. सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावून आलो. ममता म्हणाली, आधी स्वतः शीक. बायकोला व्हिजन नसते.

५ नोव्हेंबर
विद्यार्थी मिळाला! बी विंगच्या मनोरमाताई, रिटायर्ड शिक्षिका. नाताळात मैत्रिणीकडे वाजवायचंय म्हणे. रविवारी पहिला क्लास. अख्ख्या सोसायटीला सांगून बसलोय. आता माघार म्हणजे नाक कापलं.

९ नोव्हेंबर, रविवार
क्लास रद्द. ४१२ पीडीएफ उतरवल्या. अजून एकही उघडली नाही. घाई नडते.

१४ नोव्हेंबर
उत्तनला रेमंड अंकलकडे गेलो. त्यांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात गिटार वाजवलीय. वह्या मागितल्या. म्हणाले, वही न्हाय, कान हाय, बस, दाखवतो. बसायला वेळ कुणाला? मटेरियल शोधतोय ना! सुकट घेऊन परत.

१६ नोव्हेंबर, रविवार
क्लास रद्द. स्टेशनजवळ ईश्वरकडे झेरॉक्सला टाकलंय. नऊशे पानं. पहिलंच पान बघून विचारतो, साहब, इसमें छोटी उंगली कहाँ जाती है? म्हटलं, तू प्रिंट निकाल. नसत्या चौकशा!

१८ नोव्हेंबर
ताई म्हणाल्या, झेरॉक्स झालं का, मीच बघून येऊ? म्हटलं, जरूर. विद्यार्थ्याने राबलंच पाहिजे.

३० नोव्हेंबर, रविवार
क्लास रद्द. स्पायरल बाइंडिंग होऊन तीन खंड आले. कव्हर मरून रंगाचं सांगितलं होतं, निळं लावलं. शिवाय अनुक्रमणिका नाही. ताई हल्ली क्लासचं विचारत नाहीत. संयम शिकल्या. माझाच प्रभाव.

७ डिसेंबर, रविवार, दुपारी १
आज क्लास घ्यायचाच म्हणून तिन्ही खंड उचलून ताईंच्या दारात. कुलूप. वॉचमन म्हणाला, झेरॉक्स की दुकान पे गई हैं. रोज जाती हैं.
गेलो. काउंटरमागे ईश्वर आणि ताई, दोघांच्या मांडीवर गिटार. ईश्वर गावाला भजनात वाजवायचा म्हणे. माझ्या पानांची एक कॉपी त्याने स्वतःला काढली. आणि वाचली! ताई डोळे मिटून वाजवत होत्या. छान वाजवत होत्या. फारच वाईट वाटलं.
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ईश्वर हात न थांबवता म्हणाला, साहब, ज़रा इनका आधार निकाल दो ना.
काढून दिलं. दोन्ही बाजू.