काउंटरवर चष्मा चालत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
लागले बाई एकदाची नोकरीला! वागळे इस्टेटच्या तोंडाशी डोळ्यांचं लेझर सेंटर आहे, सगळं चकाचक, एसी इतका की शाल न्यावी लागणार. खडवलीहून रोज येणं जमायचं नाही म्हणून कोपरीला आत्याकडे राहिलेय. काम रिसेप्शनचं: फाइली सांभाळायच्या आणि ऑपरेशन झालेल्यांना फोन करून आता कसं दिसतंय ते विचारायचं. अट एकच. चष्मा घालवायला आलेल्या माणसाला काउंटरवर चष्मेवाली दिसता कामा नये, असं मॅनेजर चांगदेव सर म्हणाले. माझं ऑपरेशन सेंटरच करणार, फुकट. शाळेपासून ढापणी म्हणवून घेतलं, आता बघाच म्हणावं.

११ फेब्रुवारी
डोळे तपासणाऱ्या रुपालीताईंनी आज माझे डोळे मशीनवर मोजले. मी घाबरलेले, तर स्वतःच्या डब्यातली शेवग्याची आमटी वाढली आणि म्हणाल्या, बहिणीसारखी आहेस, उगाच हो म्हणेन का? त्यांनी हो म्हटलं म्हणून मी सही केली.

१५ फेब्रुवारी
झालं! सकाळी डोळे उघडले तर पंख्याची पाती, कॅलेंडरवरची तारीख, आत्याच्या कानातल्या कुड्या, सगळं आपोआप दिसलं. मी चक्क रडले. दुपारी रुपालीताईंना मोगऱ्याचा गजरा नेऊन दिला.

२ जून
दिव्यांना शेपट्या फुटल्यात. पाटीवरची अक्षरं एकावर एक, दोनदोन दिसतात. रुपालीताई म्हणतात कोरडेपणा आहे, थेंब घाल. घालतेय. आज हर्षित नावाच्या जुन्या पेशंटला फोन केला, त्यानेही शेपट्यांचंच सांगितलं. सर म्हणाले, रजिस्टरला समाधानी लिही. लिहिलं.

२१ जुलै
कुणाला न सांगता कल्याणच्या एका डॉक्टरांकडे गेलेले. म्हणाले, बुबुळाचा पडदा मुळातच पातळ, लेझरने आणखी पातळ झाला, आता फुगत चाललाय. दोन्ही डोळे. चष्म्यानेही नीट दिसायचं नाही. लवकर उपचार केले नाहीत तर आहे तेही जाईल. असा डोळा ऑपरेशनला कुणी घेतलाच कसा, असं विचारत होते.

२२ जुलै
माझी फाइल काढली. नाकाला लावून वाचली. रुपालीताईंचं अक्षर: पडदा पातळ, घेऊ नये. त्यावर काट. खाली त्यांचंच अक्षर: ठीक. तारीख ११ फेब्रुवारी. म्हणजे आमटी वाढताना बाईला ठाऊक होतं.
विचारलं तर मान खाली घालून म्हणाल्या, सरांना काउंटरला माणूस हवं होतं, मलाही माझी नोकरी आहे. केसाने गळा कापला माझा.

२५ जुलै
रुपालीताईंनी सरांच्या कानावर घातलं. सर म्हणतात, तोंड बंद ठेव, उपचार सेंटर करेल. उघडलंस तर उपचार नाही, नोकरी नाही. फाइल त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. या डोळ्यांना दुसरीकडे कोण घेणार — आत्याला काय सांगू —

१८ ऑगस्ट
उपचाराची तारीख परत पुढे ढकलली. मोठं लिहितेय तरी ओळीवर ओळ — काउंटरला आणखी एक मुलगी घेतलीय. हेमा. चष्मेवाली —

२० ऑगस्ट
आज हेमाचं ऑपरेशन. तिची फाइल पाहिली. पातळ. काट. ठीक.
ती हात धरून म्हणाली, ताई, तुम्ही केलंय ना, खरं सांगा. मी सांगणारच होते. पळ म्हणणार होते. पण दारात कुणीतरी उभं — पांढरं, सरांएवढं उंच — ऐकत —
मी हसले. म्हटलं, बिनधास्त कर.
ती आत गेली.
मग दारापाशी जाऊन हात लावला. खुंटीला एप्रन. नुसता एप्रन —
आतलं दार बंद आहे. ठोठावलं. मशीन सुरू —