कोंबड्यांचा सिक्युरिटी इन्चार्ज

२७ जुलै, रविवार
तिसरी कोंबडी गेली. मुंगूस. भर दुपारी, अंगणातून, मी तिथेच खुर्चीवर बसलेलो असताना. डोळे मिटले होते, पण ते विचार करण्यासाठी.

मायाने घर डोक्यावर घेतलं. कोंबड्या तिच्या. स्वयंपाकघरात खोक्यात बल्ब लावून पिल्लं वाढवली, प्रत्येकीला नाव ठेवलंय. आता नऊ उरल्या. सरळ अल्टिमेटमच दिला. "अजून एक गेली तं मी उरल्यासुरल्या घेऊन उमरेडले सिंधूताईकडे जातो. बसा मंग तुम्ही इथं मुंगूस मोजत." सिंधूताई म्हणजे तिची मोठी बहीण. बायकोने धमकी द्यायची आणि रिटायर्ड ऑफिस सुपरिंटेंडेंटने ऐकून घ्यायची, असे दिवस आले.

शेजारच्या प्रेमानंदने कुंपणावरून डोकं काढलं. विचारलं होतं कोणी? म्हणे, "मार्तंडभाऊ, खुराड्याले बारीक जाळी ठोका ना गा, दाराले कडी लावा. काम खतम." जाळी! कडी! नागपूरला चिकटलेलं आमचं बेसा एवढं वाढलं, चारी बाजूंनी फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, डोकी मात्र जिथल्या तिथे. जाळी कोणीही ठोकतो. मी प्रश्न मुळापासून सोडवतो.

२९ जुलै
सापडलं! दोन दिवस सलग व्हिडिओ पाहिले. बाहेरच्या देशांत कोंबड्यांबरोबर बकऱ्या ठेवतात. मोठं जनावर आसपास वावरत असलं की शिकारी प्राणी फिरकतच नाहीत. साधं सायन्स आहे.

मायाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मुंगूस सापाले भेत नाही, अन् बकरीले भेईन का?" अशा प्रश्नांना उत्तर न देणं बरं. दिलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार
बाजारातून बोकड आणला. प्रेमानंद बरोबर आला, न बोलावता. "शेळी घ्या, दूध तरी देईन." म्हटलं, मला गवळी लावायचा नाही, गार्ड ठेवायचाय.

विकणाऱ्याने विचारलं, "करीसाठी का साहेब?" घ्या! श्रावण लागला की हे लोक महिनाभर वांगी-दोडकी चिवडतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मटणावर असे तुटून पडतात जसे जेलमधून सुटले. दुसरा विचार म्हणून नाही डोक्यात. त्याला म्हटलं, ड्यूटीसाठी. तो भैताड हसला. प्रेमानंदही हसला, कशाला ते त्यालाच माहीत.

बोकडाचं नाव कमांडर. माया त्याला बोकड म्हणते.

४ ऑगस्ट
कमांडर ड्यूटीवर रुजू. पहिल्या दिवसाचं काम: तुळस खाल्ली, वाळत घातलेला माझा बनियन खाल्ला. नवीन जागा, होतं असं. वास जरा येतो. जरा म्हणजे हॉलमध्ये बसवत नाही. पण हा वासच मुंगसाला पळवेल, हे मायाच्या लक्षात येत नाही. ती नाकाला पदर लावून फिरून राहिली.

सीताबर्डीला जाऊन शिट्टी आणली. उद्यापासून ट्रेनिंग.

७ ऑगस्ट
कमांडरने रात्रीतून कोंबड्यांचा सगळा दाणा फस्त केला. सकाळी पोट ढोलासारखं. जनावरांचे डॉक्टर आले, तेल पाजलं, म्हणाले दाणा उघडा ठेवू नका, मरून जाईल. मी म्हटलं, तो खुराड्याच्या आत शिरून तपासणी करत होता. डॉक्टर माझ्याकडे पाहतच राहिले. आजकाल डिग्री कोणालाही मिळते.

कोंबड्या दिवसभर उपाशी. मायाने त्यांना आपल्या डब्यातले तांदूळ टाकले, मला जेवायला खिचडी. निषेधाची खिचडी मी ओळखतो.

११ ऑगस्ट, दुपार
मुंगूस आलं!! पहिली खरी परीक्षा. कमांडरने क्षणात मोठ्ठी उडी मारली आणि माझ्या खुर्चीवर चढला, तिथून पाण्याच्या टाकीवर. उंचावरून सगळं अंगण दिसतं. हे त्याला कोणी शिकवलं नाही, उपजत आहे.

मायाने चप्पल फेकून मारली, मुंगूस पळालं. एकही कोंबडी गेली नाही. श्रेय चपलेला देऊन राहिली. चप्पल तर जुलैमध्येही घरात होती, मग तेव्हा काय झालं होतं?

(कमांडरला टाकीवरून उतरवायला प्रेमानंदला बोलवावं लागलं.)

१४ ऑगस्ट
लोकांना आता कळायला लागलं. उशिरा का होईना. समोरच्या जिजाबाई, ज्यांनी आजवर मला साधा नमस्कार केला नाही, त्या पोतंभर कुटार घेऊन आल्या. "खाऊ घाला त्याले चांगलं. वजन किती भरंन हो?" म्हटलं, भरपूर. त्या खूश. प्रेमानंद तर रोज हिरवा चारा आणतो. आज त्याने कमांडरच्या पाठीवर, मांडीवर हात दाबून पाहिला. म्हणाला, "मस्त भरला गा." मसल्सचं कौतुक करायला नजर लागते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल मला बरं वाटलं.

१७ ऑगस्ट
निर्णय घेतला. हे ज्ञान स्वतःपुरतं ठेवणं बरं नाही. जाहीर डेमो द्यायचा: बोकड, कोंबड्या, शिट्टी, शेवटी प्रश्नोत्तरं. दिवस करीचा, त्या दिवशी लोक घरीच असतात.

आमच्या लेआउटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला: "करीला सकाळी अकरा वाजता आमच्याकडे सहकुटुंब या. बोकड आहेच." मुद्देसूद. खात्यातही माझं ड्राफ्टिंग असंच होतं, एक शब्द जास्त नाही.

अंगठ्यांचा पाऊस! पाण्याच्या मीटिंगला यांच्यातली दोन डोकी येत नाहीत. आज एकूण एक घर हो म्हणालं. जिजाबाईंनी तर लिहिलं, "मसाला मी आणतो." डेमोला मसाला कशाला? असो. उत्साहात माणूस काहीही लिहितं.

२० ऑगस्ट
कमांडरने शिंगं घासून घासून खुराड्याची होती ती जाळी फाडली. हातभर भोक. माया म्हणे बुजवा. मी म्हटलं, हवा खेळती राहते. तिने स्वतःच पोतं कोंबलं आणि वर दगड ठेवला. दिवसभर त्याच दगडाजवळ बसून होती, भाजीही तिथेच निवडली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
लोकांनी बैल सजवले, मी कमांडर सजवला. शिंगांना रंग, गळ्यात माळ. जिजाबाईंनी त्याला कुंकू लावलं आणि हात जोडले. काय हा आदर!

संध्याकाळी माया म्हणाली, "अहो, लोकायनं काय समजलं हे तुमच्या ध्यानात येऊन राहिलं का? उद्या लोक जेवाले येऊन राहिले आपल्याकडे. आत्ताच सांगून द्या, नाहीतर मटण सांगून ठेवा." काहीतरीच! लोक ज्ञानासाठी येत आहेत. पण या बाईला जगातला प्रत्येक माणूस भुकेलाच दिसतो. मी तिला गप्प बसवलं आणि शिट्टीची रिहर्सल केली.

२३ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ
अकराला सगळे हजर. शनिवार असूनही. ताटं-वाट्या घेऊन. जिजाबाईंच्या हातात वाटणाचा डबा. प्रेमानंदच्या डोक्यावर रस्सा शिजवायचा हा एवढा गंज, आणि मागे एक सुरीवाला.

मी शिट्टी वाजवली आणि बोलायला सुरुवात केली, "मित्रहो, शिकारी प्राण्यांचं मानसशास्त्र..." प्रेमानंद म्हणाला, "भाषण मंग द्या गा भाऊ. पयले कापू द्या, शिजाले टाइम लागते."

मग समजावून सांगावं लागलं. सगळं. व्हिडिओपासून. मोठी माणसं हातातल्या ताटांकडे पाहू लागली. पोट्टे तेवढे फिदीफिदी हसत होते. शेवटी जिजाबाई बोलल्या. "म्हंजे? इतके दिवस कुटार आम्ही चारलं. करीच्या दिवशी बोलावून उपाशी धाडता का आमाले? असं कोणी दुश्मनालेही करत नाही बाप्पा." हे खेडवळ लोक! पण कान गरम झाले माझे, खोटं कशाला लिहू.

गाडी काढून मटणाच्या दुकानावर गेलो. तिथे रस्त्यापर्यंत लाइन आणि आतून आवाज, संपलं. दुसऱ्या दुकानाचं शटर खाली. परत आलो तर सगळे तसेच बसलेले, ताटं मांडीवर. कमांडर माझ्या पायाशी येऊन उभा राहिला. ट्रेन्ड स्टाफ कापता येत नाही. शिवाय तो कापला असता तर मी चुकलो असं झालं असतं.

तेव्हा मी परिस्थिती हाताळली. मोठ्याने जाहीर केलं, "आज आमच्याकडे गावरान कोंबडीचा रस्सा!" टाळ्या पडल्या. माया पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. जग तसाच हातात. चार लोकांसमोर ती मला कधी बोलत नाही, आजही बोलली नाही. मला ते माहीत होतं.

कोंबड्या दुसऱ्या कोणाच्या हाताला येत नाहीत. तिलाच हाक मारावी लागली. ती एकेकीला नावाने बोलावत होती आणि त्या येत होत्या. आठ. अंड्यांवर बसलेली शेवंती तेवढी तिने दिली नाही.

रस्सा झणझणीत झाला होता असं सगळे म्हणाले. मला तिखट लागल्यामुळे डोळ्यांतून पाणी आलं. माया जेवली नाही.

२४ ऑगस्ट
माया सकाळच्या गाडीने उमरेडला गेली. टोपलीत शेवंती आणि तिची अंडी, वर ओला पंचा. कधी येणार विचारलं. पायात चप्पल घालत होती. ऐकू आलं नसावं.

प्रेमानंद कुंपणापाशी होता. पहिल्यांदाच सल्ला न देता आत निघून गेला.

२५ ऑगस्ट
डबा लावला. भाजीत मीठ नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
करीपासून शिकारी प्राण्याचा एकही हल्ला नाही. पद्धत शंभर टक्के यशस्वी, तसं ग्रुपवर टाकलं. एकही अंगठा आला नाही. यांना डेटा कळत नाही.

कमांडर रिकाम्या खुराड्यात जाऊन बसतो आणि ओरडतो. बाहेर काढला की परत आत.

संध्याकाळी उमरेडला फोन केला. सिंधूताईंनी उचलला. शेवंतीची पिल्लं निघाली, सगळी जगली, माया त्यांच्यातच आहे, असं म्हणाल्या. फोन तिला द्या म्हटलं. आत जाऊन बोलून आल्या. म्हणाल्या, "बोकडाले वेळेवर पाणी देऊन राहिले का, म्हणून विचारते ते."

देतो म्हटलं. माझं काही विचारलं का?

"नाही," ताई म्हणाल्या.